बुडण्यापुरती रुंदी

गुडघाभर ताज्या बर्फात हरवलेली स्की ज्याने शोधली आहे, त्याला स्कीच्या रुंदीचे महत्त्व निराळे पटवून द्यावे लागत नाही. त्या दिवशी माझ्या पायांत कंबरेला, म्हणजे बुटाखालच्या सर्वांत अरुंद भागाला, ७६ मिलिमीटर असलेल्या स्की होत्या. यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारांवर त्यांनी मला दोन हंगाम इमानाने साथ दिली होती आणि रात्रभरात अर्धा मीटर बर्फ पडला म्हणून त्या बदलाव्यात, हे मला सुचलेही नव्हते. पहिली तीन वळणे बरी गेली. चौथ्या वळणाला मी जुन्या सवयीने सगळे वजन बाहेरच्या पायावर टाकले, ती स्की टोकाकडून खाली शिरली, बूट बाइंडिंगमधून, म्हणजे त्याला स्कीवर जखडणाऱ्या पकडीतून, सुटला आणि मी पुढच्या पुढे तोंडावर पालथी झाले. त्यानंतरचा पाऊण तास मी उताराच्या खालच्या बाजूला काठीने बर्फ उकरत होते. स्की अखेर सापडली ती मी पडले त्या जागेच्या दोन हात वर. खोल बर्फात सुटलेली स्की घरंगळत खाली जात नाही. जिथे सुटते तिथेच ती टोक खाली घालून गाडली जाते आणि फेकला जातो तो माणूस. काही जाणते लोक स्कीला लांब, भडक रंगाची फीत बांधून ती बर्फात मोकळी सोडतात, ती याच कारणासाठी. तोवर मला ती फीत निव्वळ हौस वाटत असे.

उरलेला दिवस मी मागे रेलून काढला. टोके वर राहावीत म्हणून पोटऱ्या बुटाच्या मागच्या भिंतीला टेकवायच्या आणि मांड्यांच्या जोरावर शरीर तोलून धरायचे, हा खोल बर्फातला फार जुना उपाय आहे आणि तो चालतोही; पण संध्याकाळी जिना उतरताना मी कठड्याला दोन्ही हातांनी धरले होते. ‘खोल बर्फात मागे रेला’ हा सल्ला पिढ्यानपिढ्या दिला गेला, तो बर्फाच्या स्वभावातून आला नसून अरुंद स्कीच्या स्वभावातून आला आहे, हे मला बरेच नंतर कळले.

स्कीच्या अंगावर बहुधा तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ १३६-१०६-१२४. पहिला टोकाजवळची रुंदी सांगतो, तिसरा शेपटीची, आणि मधला बुटाखालच्या सर्वांत अरुंद भागाची. या मधल्या भागाला कंबर म्हणतात, आणि स्कीबद्दल बोलताना लोक बहुधा तेवढ्याच आकड्यावर बोलतात: ही ‘नव्वदची’, ती ‘एकशेदहाची’. साधारणपणे ८५ च्या आतल्या स्की दाबलेल्या उतारांसाठी, ८५ ते १०० च्या दरम्यानच्या सगळीकडे थोड्याथोड्या चालणाऱ्या, १०० ते ११५ च्या खोल बर्फाकडे झुकलेल्या, आणि त्यापुढच्या केवळ खोल बर्फासाठी, अशी ढोबळ वाटणी सर्वत्र केली जाते. वाटणी चुकीची नाही. मात्र ती वाचून आपल्याला कोणती स्की हवी हे ठरवता येत नाही, कारण त्या वाटणीत बर्फ आहे आणि स्कीवर उभा असलेला माणूस नाही.

मी पुढच्या हंगामात केलेली चूक याच वाटणीतून आली. पडण्याचा धसका घेतलेल्या माणसाप्रमाणे मी कोष्टकाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि कंबरेला १२२ मिलिमीटर असलेली जोडी घेतली. ती घेण्यापूर्वी मी कागदावर हिशेब केला होता आणि त्या हिशेबाचा मला अभिमानही होता. बर्फाला प्रत्यक्ष टेकणारी लांबी १७० सेंटिमीटर धरली, तर ७६ च्या स्कीची सरासरी रुंदी टोक-शेपटी मिळून ९ सेंटिमीटरच्या आसपास जाते, म्हणजे जोडीचे क्षेत्रफळ सुमारे ३,०६० चौरस सेंटिमीटर. बूट, कपडे आणि पाठीवरची पिशवी धरून माझा भार ७५ किलो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २४ ते २५ ग्रॅम. नुसत्या बुटांवर उभी राहिले, तर हाच आकडा दीडशेच्या वर जातो, म्हणूनच स्की काढलेला माणूस ताज्या बर्फात मांडीपर्यंत जातो. १२२ च्या जोडीचे क्षेत्रफळ तेवढ्याच लांबीत ४,३०० च्या आसपास भरते आणि दाब १७ ग्रॅमवर येतो. जवळजवळ तीस टक्क्यांची घट. कागदावर प्रश्न सुटला होता.

या हिशेबातली पहिली उणीव अशी, की तो थांबलेल्या माणसाचा आहे. थांबलेली स्की कितीही रुंद असली, तरी ताज्या बर्फात काही प्रमाणात बुडतेच. ती वर येते ती वेग घेतल्यावर. टोक किंचित उचललेल्या फळीखाली समोरून येणारा बर्फ दाबला जातो, तो फळीला वर रेटतो, आणि वेग वाढतो तसा हा रेटा वेगापेक्षा कितीतरी झपाट्याने वाढतो. पाण्यावर सपाट दगड भिरकावला की तो टप्पे घेत जातो आणि वेग संपला की बुडतो, त्याच जातीची ही गोष्ट आहे. इथेच रुंदी आणि लांबी यांतला फरकही उघड होतो. दाबलेला बर्फ स्कीखालून निसटतो तो मुख्यतः दोन्ही बाजूंनी. त्यामुळे लांबी वाढवून जेवढे क्षेत्रफळ मिळवले त्यापेक्षा रुंदी वाढवून मिळवलेले तेवढेच क्षेत्रफळ अधिक उपयोगी पडते, कारण बर्फाला बाजूला पळायला जास्त अंतर लागते. पूर्वीचे लोक दोन मीटरहून लांब स्की वापरूनही खोल बर्फात घाम गाळत होते, त्याचे एक कारण हे. रुंद स्कीचा सर्वांत मोठा फायदा मला याच्याच पोटात दिसतो: ती कमी वेगात तरंगते. झाडांमधून उतरताना, जिथे वेग घेणे शहाणपणाचे नसते, तिथे हा फायदा कोणत्याही ऐटीपेक्षा मोलाचा असतो.

रुंद फळी ही आधुनिक कल्पना आहे, असे मात्र नाही. मध्य आशियातील अल्ताई पर्वतांतले शिकारी पिढ्यानपिढ्या रुंद लाकडी स्की वापरत आले आहेत. तळाला घोड्याचे कातडे, केस मागे वळलेले, म्हणजे उतरताना घसरावे आणि चढताना अडावे. अरुंदपणा आला तो शर्यतींबरोबर. टणक, घोटलेल्या मार्गावर सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी झगडणाऱ्याला एका धारेवरून दुसऱ्या धारेवर झटकन जायचे असते, आणि अरुंद स्कीवर ते जमते. जायंट स्लॅलमच्या शर्यतीच्या स्की आजही कंबरेला ६५ मिलिमीटरच्या आसपासच असतात. शर्यत हाच खेळाचा आदर्श मानला गेल्यामुळे ज्यांना शर्यतीशी काही देणेघेणे नव्हते, तेही दशकानुदशके शर्यतीचीच फळी खोल बर्फात बुडवत राहिले. १९६५ मध्ये पर्वतमार्गदर्शक हान्स ग्मोझर यांनी कॅनडाच्या पश्चिमेकडील पर्वतांत हेलिकॉप्टरने लोकांना खोल बर्फात नेण्यास सुरुवात केली. तिथे बर्फाची ददात नव्हती, पण येणाऱ्यांच्या मांड्या दुपारपर्यंत साथ सोडत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातील अ‍ॅटॉमिक कंपनीच्या रुपर्ट हूबर यांनी स्नोबोर्ड मधोमध कापून दोन फळ्या केल्या आणि त्यातून ‘पावडर प्लस’ ही जाड्या अंगाची स्की जन्मली, असे सांगतात. जाणकारांनी तिची थट्टा केली. ही म्हाताऱ्यांची आणि कच्च्या लोकांची स्की, असा शिक्का तिच्यावर बसला. मला या थट्टेचे आश्चर्य वाटत नाही. ज्या कष्टांवर एखाद्याची प्रतिष्ठा उभी असते, ते कष्ट वाचवणारी वस्तू त्याला नेहमीच लबाडी वाटते.

शिक्का पुसला तो शेन मॅकॉन्की या धाडसी स्कीपटूसारख्या माणसाने, ज्याला कच्चा म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. त्यांचा विचार सरळ होता: खोल बर्फ हा टणक बर्फापेक्षा पाण्याच्या जवळचा आहे, तर मग पाण्यावरच्या फळीचा आकार का घेऊ नये? ते चक्क वॉटर-स्कीवर बाइंडिंग बसवून अलास्काच्या उतारांवरून उतरले. पुढे २००२ मध्ये व्होलांट कंपनीने त्यांच्या कल्पनेवरून ‘स्पॅट्युला’ बाजारात आणली. बुटाखाली सुमारे १२५ मिलिमीटर, टोक आणि शेपटी दोन्ही वर वळलेल्या, आणि सर्वांत चमत्कारिक म्हणजे ती बुटाखाली सर्वांत रुंद होती, टोकांकडे निमुळती. म्हणजे तिला कंबरच नव्हती. त्यानंतर रुंदीची चढाओढ लागली. के२ कंपनीची ‘पाँटून’ तर १३० मिलिमीटरपर्यंत गेली. माझी १२२ ची जोडी ही याच चढाओढीची उशिरा जन्मलेली नात म्हणता येईल.

तिच्यावरचा पहिला दिवस माझ्या नीट लक्षात आहे, आणि लक्षात राहिला तो भलत्याच कारणांनी. ज्या छायेतल्या खोलगट उतारावर बर्फ साचला होता, तिथे पोहोचायला एका वाऱ्याने घोटलेल्या कड्याच्या पोटावरून आडवे जावे लागत होते. अंतर फार नव्हते, पण पृष्ठभाग काचेसारखा. टणक बर्फावर स्की उभी राहते ती तिच्या पोलादी धारेवर, आणि ७६ च्या स्कीवर ही धार पायाच्या मध्यरेषेपासून ३८ मिलिमीटरवर असते; बुटाच्या तळाची रुंदी पुढच्या बाजूला जवळपास ६९ मिलिमीटर, म्हणजे धार जवळजवळ बुटाच्या कडेखालीच येते. १२२ च्या स्कीवर तीच धार ६१ मिलिमीटरवर जाते. हे २३ मिलिमीटर कागदावर क्षुल्लक दिसतात, पण तो तरफेचा दांडा आहे, आणि त्याचे दुसरे टोक आपला घोटा व गुडघा असतो. स्की धारेवर उभी राहण्याऐवजी सपाट पडू पाहते आणि तिला तसे न पडू देण्याचे काम पायाला प्रत्येक क्षणी करावे लागते. त्या आडव्या वाटेवर मी दोनदा घसरले. आणि ज्या मांड्यांना विसावा मिळावा म्हणून एवढी रुंद स्की घेतली होती, त्या खोल बर्फापर्यंत पोहोचण्याआधीच थकल्या होत्या.

एवढ्यावर भागले असते, तर मी तो दोष वाटेला दिला असता. पण खरी निराशा त्यापुढे होती. उतारावर कोरडा, पिसासारखा बर्फ होता, गुडघ्याला येईल एवढा. मी वळणे घेतली आणि मला काहीच झाले नाही. पडले नाही, रेलावे लागले नाही, टोक बुडाले नाही. एखाद्या मोठ्या टेबलावर उभे राहून खाली सरकत जावे, तशी मी बर्फाच्या वरच्या थरावरून खाली आले, कोरडी आणि स्वच्छ. माझ्या मागून माझा सोबती उतरत होता. तो माझ्याहून वीस किलोंनी जड आणि त्याच्या पायांत १०४ च्या स्की. प्रत्येक वळणाच्या तळाशी तो गुडघ्यापर्यंत बर्फात जात होता, बर्फ त्याच्या छातीवर फुटून खांद्यांवरून मागे उडत होता, आणि मग तो पुन्हा वर येत होता, एखाद्या पोहणाऱ्याने श्वास घ्यायला यावे तसा. तो खाली पोहोचला तेव्हा त्याच्या भुवयांवर बर्फ होता आणि तो हसत होता. मी त्याला विचारले, ‘‘कसा होता?’’ त्यावर तो म्हणाला, ‘‘तू आत गेलीच नाहीस ना?’’

त्या रात्री मी पुन्हा हिशेब केला, या खेपेला त्याचा. सामानासह ९५ किलो, १०४ ची थोडी लांब जोडी, क्षेत्रफळ ३,९०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास. दाब आला २४ ग्रॅम. म्हणजे माझ्या जुन्या ७६ च्या स्कीवर माझा जेवढा होता, जवळपास तेवढाच. ज्या दाबावर मी तोंडावर पडले होते, त्याच दाबावर तो हसत होता.

तो आकडा बराच वेळ माझ्यासमोर होता. त्याच्या हाती कसब अधिक होते, हे खरे. दोन्ही पाय जवळ ठेवून दोन फळ्यांची एक फळी करण्याची सवय त्याच्या अंगात मुरलेली होती आणि वेग घ्यायला तो कचरत नव्हता. पण स्कीचा आकारही वेगळा होता. माझी ७६ ची स्की मधोमध कमानीसारखी उचललेली, म्हणजे पुरती कॅम्बरची होती. भार आला की ती टोकापासून शेपटीपर्यंत सपाट होऊन टणक बर्फ पकडत असे, आणि खोल बर्फात तेच टोक नांगराच्या फाळासारखे आत घुसत असे. त्याच्या स्कीचे टोक खूप आधीपासून हळूहळू वर चढत गेलेले होते, ज्याला रॉकर म्हणतात, आणि ते टोक मऊ होते, त्यामुळे बर्फाचा रेटा बसताच आणखी वर वाकत होते. शिवाय शेपटी टोकापेक्षा बरीच अरुंद होती. अशी शेपटी थोडी खाली बसते, त्यामुळे टोक आपोआप वर राहते आणि माणसाला मागे रेलावे लागत नाही. रेलण्याचे काम स्कीच करते. तेव्हा खोल बर्फासाठी स्की निवडताना कंबरेच्या आकड्याआधी मी आता टोक पाहते. कंबर ११० असूनही टोक ताठ आणि रॉकर नावापुरता असलेली स्की बुडते, आणि ९८ ची स्की टोक नीट घडवलेले असेल तर सहज वर राहते.

वजनाची बाब मात्र कोणी फारशी मोकळेपणाने बोलत नाही, बहुधा संकोचापोटी. १०० ची स्की ५५ किलोच्या माणसाला जो दाब देते, तोच दाब तेवढ्याच लांबीत ९५ किलोच्या माणसाला हवा असेल, तर कंबर १७३ मिलिमीटर लागेल. तशी फळी पायाखाली वळवणे अशक्यप्राय आहे. म्हणून जड माणूस रुंदीबरोबर लांबी आणि वेगही वाढवतो, आणि म्हणूनच त्याने दिलेला ‘एकशेपंधराच्या खाली जाऊच नकोस’ हा सल्ला हलक्या माणसाने शब्दशः घेऊ नये. मी तो घेतला होता.

बर्फाचा प्रकार हा दुसरा आणि माझ्या मते सर्वांत मोठा घटक. मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो आणि मग त्याचे भेद सांगायला मातीची विशेषणे उसनी घेतो: भुसभुशीत, चिकट, घट्ट, रेताड. ही उसनवारी मला आवडते, कारण ती अचूक आहे. थंड, निवांत हवेत पडलेल्या भुसभुशीत बर्फाचे वजन घनमीटरला ५० ते १०० किलो असते, म्हणजे त्यात सुमारे नऊ-दहांश हवाच असते. वाऱ्याने ठासलेला बर्फ सहज ३०० किलोंवर जातो, तर निखळ गोठलेल्या पाण्याचे वजन ९१७ किलो. सर्वांत रुंद स्की सर्वांत हलक्या बर्फासाठी, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात हलका बर्फ अरुंद स्कीलाही वाट देतो. ती खोल जाते, पण फिरते. चिकट, ओला बर्फ मात्र बुडालेल्या स्कीला धरून ठेवतो, वळू देत नाही, आणि गुडघा तिथेच मुरगळतो. तिथे बर्फाच्या वर राहणे हा चैनीचा प्रश्न राहत नाही. वरून पापुद्रा धरलेल्या आणि खाली पोकळ असलेल्या बर्फाचेही तसेच. अरुंद स्की त्या पापुद्र्याखाली अडकते, तर रुंद, टोके वळलेली स्की त्याच्यावरून फरफटत का होईना, पण पार होते.

खोलीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे फारसे गूढ नाही. टणक थरावर पंधरा सेंटिमीटर हलका बर्फ पडला असेल, तर वळणात कोणतीही स्की तळाला लागतेच, कारण वळताना पडणारा जोर आपल्या वजनाहून जास्त असतो. त्या दिवशी धार महत्त्वाची, तरंगणे नव्हे. आणि ज्याला खोल बर्फाचा दिवस म्हणतात, तोही सकाळच्या काही उतरणींपुरताच असतो. लोक येतात, बर्फ तुडवला जातो, ढेकळे होतात, आणि मग रुंदीपेक्षा स्कीचे वजन आणि स्थिरपणा उपयोगी पडतो. हलकी आणि फार रुंद स्की त्या ढेकळांवर वाऱ्यात सापडलेल्या पत्र्यासारखी थडथडते. चढून जाऊन उतरणाऱ्यांसाठी तर प्रत्येक मिलिमीटरचा भार पायाला बांधलेला असतो, स्कीचाही आणि तळाला चिकटवायच्या चढणपट्टीचाही.

शेवटी मी १०६ वर स्थिरावले. टोक मऊ आणि लवकर वर चढणारे, बुटाखाली थोडी कमान, शेपटी अरुंद पण अगदी लुळी नाही. माझ्या भाराला या स्कीवर २० ग्रॅमच्या आसपास दाब येतो. कोरड्या बर्फात मी वळणाच्या तळाशी मांडीपर्यंत जाते आणि वर येते. त्या दोन क्षणांत चेहऱ्यावर बर्फ येतो, काही दिसत नाही, आणि पायांना खालून येणारा रेटा कळतो. मला हवे होते ते हेच, आणि हे मला कागदावरच्या पहिल्या हिशेबात मांडता आले नव्हते, कारण मी फक्त न बुडण्याचा हिशेब करत होते. किती खोलीवरून प्रवास करायला आपल्याला आवडते, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. काहींना बर्फाच्या वरून मोठ्या, वेगवान वळणांनी जायचे असते. त्यांची १२० ची स्की त्यांच्यासाठी योग्यच आहे आणि त्यांना मी माझे सांगायला जात नाही.

१२२ ची जोडी मी विकली नाही. ती भिंतीला टेकून उभी असते आणि हंगामात तीन-चार वेळा बाहेर निघते. परवा पहाटे दोन्ही जोड्या शेजारी ठेवून मी बाहेर गेले आणि काठी उलटी धरून मुठीकडून बर्फात खुपसली. ती चाळीस सेंटिमीटर आत गेली, पण सरसर गेली नाही. ओढून काढली तेव्हा मुठीला बर्फाचा ओला गोळा चिकटून आला. रात्री तापमान चढले होते. मी १०६ परत भिंतीला लावली, १२२ च्या बाइंडिंगवरची धूळ फुंकली, आणि शेपटीला लाल फीत बांधायला बसले.